टक्क वाजलं नाही

बाबा,

तुमची गाडी पुन्हा बंद पडायला लागली. कागदोपत्री ती आता धाकट्याची आहे, पण दिवाळे गावात अजून तिला तुमचीच गाडी म्हणतात, आणि कुणी तिच्या टपावर बोंबलांची टोपली टेकवली तरी आई तुमचा अपमान झाल्यासारखी धावून जाते. थंड असताना गाडी झकास सुरू होते. तापली की चालता चालता मरते. मग स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन काही पकडत नाही. सावलीत थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. धाकट्याने ती सानपाड्याच्या एका गॅरेजात दाखवली, तिथल्या माणसाने स्कॅनर लावून सांगितलं की कॅमशाफ्टचा सेन्सर गेला. नवा सेन्सर डब्यात घेऊन धाकटा मला म्हणाला, ‘‘ताई, हा बसवून दे फक्त, पाच मिनिटांचं काम हाय.’’ तीच गाडी, तोच सेन्सर, तेच रडगाणं. त्याला मात्र काही आठवत नव्हतं, तेव्हा तो शाळेत होता.

तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगणार आहे, कारण तुम्ही असताना मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीत. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. हा दांडा या घटकेला नेमका कुठे आहे ते गाडीच्या कम्प्युटरला सांगायचं काम अंगठ्याएवढ्या एका सेन्सरचं. त्याची खबर आली नाही की कम्प्युटर गोंधळतो आणि ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल कधी सोडायचं ते त्याला कळेनासं होतं. स्कॅनर मग सेन्सरचं नाव घेतो. पण खबर न येण्याला सेन्सरच जबाबदार असतो असं थोडंच आहे? वायर तुटलेली असेल, पिन सरकलेली असेल, आत चेनच ढिली झालेली असेल. महाप्याला मी काम करते त्या वर्कशॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की स्कॅनर तक्रार सांगतो, निकाल देत नाही, नाव आलं म्हणून कुणाला फासावर चढवू नका. ते हसतात. ते मी कुणासाठी बोलते हे त्यांना कुठून कळणार?

तुम्ही होडीच्या इंजिनांवर शिकलात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तुम्ही आतला रोग सांगायचात आणि धक्क्यावरचे सगळे माना डोलवायचे. हायवेच्या कडेला गॅरेज टाकलंत तेव्हा धक्क्यावरून दोन गोष्टी बरोबर आणल्यात, एक तो कान आणि दुसरा ग्रीसचा डबा. होडीच्या पंख्याच्या दांड्याला लावतात ते जाड, तपकिरी ग्रीस. खाडीकाठी तांब्याला हिरवं चढायला वेळ लागत नाही, म्हणून तुम्ही गाडीची प्रत्येक विजेची जोडणी त्या ग्रीसने लिंपून टाकायचात. दिव्यांचे होल्डर, बॅटरीची टोकं, हॉर्नच्या वायरी, काही सुटायचं नाही. आपल्याकडच्या गाड्यांचे दिवे भर पावसातही जात नाहीत म्हणून लोक करावे गावापासूनही यायचे. ते खरंही होतं. तुमचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही.

आणि मला गॅरेजात तुम्हीच नेलंत. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि काकांनी तोंड वाकडं केलं तेव्हा तुम्ही त्यांना ओट्यावरून खाली उतरवलंत. ‘‘माजी पोर इंजिन खोलतंय, तुजा पोर काय खोलतंय? बाटली?’’ असं अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात. त्या वर्षी तुम्ही मला पान्यांचा संच दिलात, जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून आणि वर गाठ मारून. तुम्ही डावखुरे, तुमची जाळ्याची गाठ सगळ्यांच्या उलटी पडायची. मी लहानपणी तुमच्यासमोर बसून शिकले म्हणून उजव्या हाताची असून माझीही उलटीच पडते. गावात अशी गाठ मारणारी आपण दोघंच. आई चेष्टेने म्हणायची, ‘‘बाप-लेकीचं जालं माशानाबी वलखता येतं.’’

ती गाडी तुम्ही जुनी घेतलीत आणि वर्षभरात तिचा सेन्सर खरोखरच गेला. मी मीटर लावून तपासला होता, उगाच बदलला नव्हता. नवा बसवला, बोल्ट मापात आवळला आणि बोल्टच्या डोक्यापासून इंजिनापर्यंत नेलपॉलिशचा एक ठिपका ओढला. बोल्ट कधी सैल झाला किंवा कुणी हलवला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं, आम्हाला तसंच शिकवलं होतं. तुम्ही किती हसलात! ‘‘आता इंजिनाला टिकली पन लाव.’’ मग तुम्ही डबा घेऊन आलात. वायरीचं टोक सेन्सरला जोडतात ते प्लास्टिकचं कपलर माझ्या हातातून घेतलंत आणि बोटाने आत ग्रीस कोंबायला लागलात. मी म्हटलं, बाबा, इथं नको, ही बारीक पिन आहे, दिव्याची नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. आत ग्रीस गच्च, कपलर बसेना, तुम्ही तळहाताने दाबून बसवलंत. ‘‘बाबा, टक्क वाजलं नाय,’’ मी म्हणाले. त्याचा खटका बसला की टक्क वाजतं, वाजायलाच हवं. तुम्ही बॉनेट आपटलंत. ‘‘मना शिकवू नको. होडीला कवा टक्क वाजतंय?’’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईच्या माहेराहून, करंजाहून निरोप आला तेव्हा भर दुपार होती. आजीचं काही खरं नाही, तिच्या तोंडात लेकीचंच नाव आहे, लगेच या. आई ओल्या हातांनीच गाडीत बसली, कोलंबीचा वास तसाच हाताला. तुम्ही गाडी चालवत होतात, मी मागे. गव्हाण फाटा ओलांडला आणि बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत गाडी मरून पडली. तुम्ही स्टार्टर मारताय, ती नुसती घरघरते. मी म्हणते, कपलर बघू द्या. तुम्ही म्हणता, खाली उतरून धक्का मार. मी धक्का मारते, ट्रेलरवाले भोंगे वाजवतात, डांबरातून वाफा येतात, आणि आई समोरच्या सीटवर सरळ बसून आहे, मांडीवर पाण्याची बाटली धरून. ते पाणी तिला आजीच्या तोंडात घालायचं होतं. जाणाऱ्या एकाही गाडीने थांबून आपल्याला घेतलं नाही. शेवटी गाडी आपली आपण थंड झाली आणि सुरू झाली. आपण पोचलो तेव्हा आजीला खाली घेतलेलं होतं.

बायका बाजूला सरल्या. आईने बाटलीचं बूच काढलं आणि तसंच पुन्हा लावलं. मामा दारातून तुम्हाला म्हणाले, जावईबापू, एवढा उशीर? सगळं माहेर तुमच्याकडे बघत होतं. तुम्ही एकदा आईकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, ‘‘गारी बंद परली. सेन्सर पोरीनं घातलेला. पोरीच्या हातचा काम, मीच येरा, तिच्यावर भरवसा ठेवला.’’ मी तोंड उघडलं होतं, बाबा. पण प्रेत समोर असताना टक्क वाजलं नव्हतं हे कुणाला सांगायचं? आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी चालवत असलेल्या गाडीत ती बसली नाही. दवाखान्यात जायचं तर रिक्षा करील, धाकट्याची वाट बघत उन्हात बसून राहील, पण माझ्या गाडीचं दार उघडायची नाही. मी नवी गाडी घेतली तेव्हा तिने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. गॅरेज सुतकामुळे बंद. तुम्ही माळ्यावरून निळ्या दोऱ्याचं रीळ काढता आणि अंगणात गाडीशी जाता. मला वाटतं, मन लागत नाही म्हणून जाळं विणायला बसणार असतील. थोड्या वेळाने हात पुसत येता आणि सगळ्यांदेखत सांगता, ‘‘दुसरा सेन्सर घातला. आता त्याला कोनी हात नाय लावाचा.’’ माझ्याकडे न बघता म्हणालात, पण कोनी म्हणजे कोण ते आळीतल्या मांजरांनाही कळलं. गाडी त्यानंतर आत्ता-आत्तापर्यंत कधी बंद पडली नाही. गावात गोष्ट पक्की झाली, पोरीने बिघडवली आणि बापाने सुधारली. गॅरेजात माझ्याकडे चहा आणणं आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणं एवढंच उरलं. पानाही हातात धरला की तुम्ही नुसतं ‘ठेव’ म्हणायचात. मी महाप्याला नोकरी धरली तेव्हा तुम्ही एका शब्दाने अडवलं नाहीत.

आणि माझं काय झालं ते ऐका. मला माझ्या हातांचाच भरवसा उरला नाही. कपलर तुम्ही दाबलंत हे मला माहीत होतं, पण सेन्सर बदलल्यावर गाडी सुधारली असेल तर सेन्सरच वाईट बसवला असणार, असं माझं मलाच वाटायला लागलं. आतली रबरी रिंग चिरडली असेल. बोल्ट जास्त आवळला असेल. आजही एखादी गाडी माझ्या हातून बाहेर गेली की मी दोनदा मागे जाऊन बॉनेट उघडते. सोबतचे लोक म्हणतात, मॅडम फार काळजीपूर्वक काम करतात. कसली काळजी! ती भीती आहे, आणि ती तुम्ही घातलेली आहे.

तर गेल्या रविवारी. अंगणात आई जवळा निवडत बसलेली, धाकटा बाजारात गेलेला. मी नव्या सेन्सरचा डबा बाजूला ठेवला आणि आधी गाडी तापू दिली. स्कॅनरवर सेन्सरची खबर नीट येत होती. मग हात घालून वायर जराशी हलवली, आणि इंजिन मेलं. म्हणजे रोग वायरीच्या टोकाला, सेन्सर उगाच बदनाम. टॉर्च लावून वाकले तर कपलरभोवती दोरा. तेलाने काळा पडलेला, उष्णतेने कडक झालेला, एका बाजूने तुटलेला, पण मुळात निळा. कपलर सेन्सरवरून सुटू नये म्हणून गच्च आवळून बांधलेला, आणि वर जाळ्याची गाठ. उलटी.

ती गाठ मी मारलेली नव्हती. मग बोल्टवर टॉर्च मारला. तेल पुसलं. नेलपॉलिशचा ठिपका होता, बोल्टपासून इंजिनापर्यंत अखंड. तुम्ही दुसरा सेन्सर घातलाच नव्हता, बाबा. इतकी वर्षं ही गाडी मी बसवलेल्या सेन्सरवर चालली. दोरा कापून कपलर काढलं तर आत तुमचं ग्रीस, वाळून लाखेसारखं झालेलं, त्याच्या दाबाने एक पिन मागे सरकलेली आणि खटका मोडलेला. त्या सकाळी बॉनेट उघडून तुम्ही हेच सगळं पाहिलंत. तुम्हाला कळलं. माणूस चुकतो, मी समजू शकते. आदल्या दिवशी मामांच्या दारात घाबरून माझं नाव घेतलंत तेही एक वेळ समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शांतपणे दोरा आणून बांधलात, गाठ मारलीत, हात पुसलेत, आणि आत येऊन पुन्हा माझंच नाव पक्कं केलंत. हे मी कसं समजून घ्यायचं?

आता मला दवाखान्यातला तो दिवस वेगळा आठवतो. तुमच्या नाकात नळी होती आणि आवाज जवळजवळ गेलेला. मला जवळ बोलावून तुम्ही विचारलंत, ‘‘गारी बरी चालतंय ना?’’ मी म्हटलं, हो, झकास. तुम्ही डोळे मिटलेत. मला तेव्हा हसू आलं होतं, मरणाच्या दारातही यांना गाडी सुचते म्हणून. मी ते तुमच्या दिवसकार्यात सगळ्यांना सांगितलं आणि सगळे कौतुकाने रडले. तुम्ही गाडीचं विचारत नव्हतात. गाठ टिकली आहे का ते विचारत होतात. खोलीत आपण दोघंच होतो, आई खाली औषधं आणायला गेली होती. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्हाला ते जमलं नाही, आणि मला तुमची कीव येत नाही.

तो दोरा मुठीत धरून मी आईसमोर जाऊन उभी राहिले. आज सगळं सांगायचं, गाठ दाखवायची, ठिपका दाखवायचा. ती तुमची बायको, तुमच्या फोटोला रोज ताजं फूल घालते, घालू दे, पण तिला एकदा कळू दे. तिने मान वर केली नाही, जवळ्यातला कचरा काढत म्हणाली, ‘‘सेन्सर गेला ना? बोलला मना धाकटा.’’ मी म्हटलं, ‘‘आये, ऐक ना.’’ तर तीच बोलायला लागली. ‘‘तुज्या बाबांनी घातलेला तो. त्यांच्या हातचा म्हनून इतकी वर्सं टिकला.’’ मग जवळ्यातली एक काडी वेचून बाजूला टाकली. ‘‘तुजा हात तवा कच्चा व्हता गो, बाय. पोर व्हतीस तू. मी उगाच धरून बसली मनात. माज्या आयच्या नशिबात नव्हतं पानी, त्याला तू काय करशील? सोरलं मी ते. उद्या मना डोल्यांच्या डाक्तरकरं तुज्या गारीतून ने.’’

इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. हातातली गाठ तळव्यात रुतत होती. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिने माझी माफी मागितली असती, आणि मग ओट्यावर बसून तुमच्याबद्दल विचार करत राहिली असती. किंवा विश्वासच ठेवला नसता, आणि मेलेल्या बापावर आळ घेते म्हणून हे सोडलेलंही पुन्हा धरलं असतं. मी म्हणाले, ‘‘होय आये, सेन्सरच गेलेला.’’

मग ते खरं दिसायला हवं होतं. धाकटा परत येईल, डबा तसाच बघेल, विचारेल. म्हणून सरकलेली पिन बदलली, माझ्या पेटीतलं नवं कपलर लावलं, आणि मग माझा चांगला, चालता सेन्सर काढून त्याजागी डब्यातला बसवला. ठिपका माझ्याच पान्याने मोडला. कपलर लावताना टक्क वाजलं, आईलाही ऐकू गेलं असेल. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली, उरण फाट्यापर्यंत दाराची मूठ धरून आणि पुढे मूठ सोडून. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, ‘‘बरी चालवतंस.’’

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला दिलं नसतं. तोंडावर भांडले असते, आणि तुम्ही बॉनेट आपटून निघून गेला असतात. आता तुमच्या फोटोमागे ठेवावं असं क्षणभर मनात आलं होतं, पण आई फुलं बदलताना तो खाली घेते. फाडून टाकीन. न केलेल्या चुकीची माफी मला मिळाली, आणि ती घेताना माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला बरं वाटलं, बाबा. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. आणि नेमकं हेच मला तुम्हाला कळू द्यायचं नाही.